बांधलेल्या इंजिनाचे पहिले दिवस

अंकल,

येत्या सोमवारपासून मला शिकवायला जायचं आहे. मोटर मेकॅनिकचं काम शिकवणारी सरकारी शाळा आहे, तिथे आठवड्यातून दोन दिवस. विषय एकच, इंजिनावर झाकणासारखं बसणारं हेड. त्यात एक तुकडी मुलींची आहे, म्हणून त्यांना कुणी बाई हवी होती. विचारायला आलेल्या मॅडमनी गाळ्यात बसून चहा घेतला आणि म्हणाल्या, "तुम्ही हे कुणाकडे शिकलात ते मुलींना पहिल्या दिवशी सांगा, त्यांना आवडेल." मी हो म्हटलं. त्या गेल्यावर सांगून बघायला लागले, मनातल्या मनात, आणि लक्षात आलं की तुमच्याबद्दल मी कुणाला असं सुरुवातीपासून सलग कधी सांगितलेलंच नाही. तुम्हाला तर नाहीच. आज दुपारी काम कमी आहे. एका हेडचे वॉल्व्ह बसवून त्यात रॉकेल भरून ठेवलंय, कुठून झिरपतं का ते बघायचं तर वेळ द्यावा लागतो. तेवढ्यात लिहायला बसले आहे.

संप झाला तेव्हा मी गिरणीत वाइंडिंगला होते आणि माझे मिस्टर त्याच गिरणीत साच्यावर, कापडाच्या मागावर. पहिले काही आठवडे काळाचौकीच्या आमच्या चाळीत सगळे बापये नुसते झोपून होते. वर्षानुवर्षं रात्रपाळ्या केलेली माणसं, दिवसाढवळ्या गॅलरीत चटई टाकून घोरायची. मुलं त्यांच्या अंगावरून उड्या मारत खेळायची तरी जाग यायची नाही. मग झोप पुरी झाली आणि काळजी सुरू झाली. एकेक जण गावी जायला लागला. सासूबाईंची आमच्या खोलीतच खाणावळ होती, गिरणीत काम करणारी आणि इथे एकटी राहणारी माणसं दोन्ही वेळ जेवायला यायची. ती माणसंच गावी गेली, तर जेवणार कोण? शेवटी माझे मिस्टरही मालवणला भावांकडे गेले. शेतीचं बघतो, चार दिवसांनी येतो म्हणाले. मला आणि मुलीलाही चला म्हणत होते, पण मुलगी नुकती शाळेत जायला लागली होती आणि सासूबाई खोली सोडायला तयार नव्हत्या. आम्ही तिघी राहिलो. सासूबाई म्हणाल्या, "माणसां हंय येनत नाय, तर आपण डबो घेवन जावया." म्हणून मी चिंचपोकळीच्या गाळ्यागाळ्यांतून विचारत फिरले, कुणाला दुपारचा डबा हवा का. तुम्ही हवा म्हणालात.

तुमचा गाळा रेल्वेच्या भिंतीला लागून. गाडी गेली की पत्र्याच्या डब्यातले वॉशर थरथरायचे. आत काळोख, एका दिव्याखाली लाकडी टेबल, भिंतीला टेकवून ठेवलेली टॅक्सींची, लॉऱ्यांची, बोटींची इंजिनं, आणि मध्ये तुम्ही, बनियन आणि खाकी हाफपँट घालून, जाड चष्म्यातून एखाद्या हेडवर वाकलेले. तुमचे दोन कारागीर आखातात गेले होते, तुम्ही एकटेच होता. बायको वारल्याला पुष्कळ वर्षं झाली होती आणि खोताच्या वाडीतल्या घरीही तुम्ही एकटेच. तुमच्याबद्दल पहिल्यांदा जे मला आवडलं ते अगदी साधं आहे. बाकी सगळ्या गाळ्यांतून खरकटे डबे परत यायचे. तुमचा डबा घासून, पुसून, झाकण उलटं ठेवून वाळवलेला असायचा.

एके दिवशी तुम्ही हात धूत होता आणि मी डबा ठेवायला टेबलावर जागा शोधत होते. एक हेड मध्ये होतं, ते सरकवताना माझं बोट सहज त्याच्या भोकात गेलं. कशाला घातलं, मला आजही सांगता येणार नाही. वाइंडिंगला दिवसभर धागा बोटांतून जायचा, त्यामुळे बोटं नेहमी काहीतरी चाचपत असायची. मी म्हटलं, "अंकल, आत वळणावर काहीतरी लागतंय." तुम्ही म्हणालात, "तिथं काय नाय लागत. तीन वेळा पॉलिश मारलाय." तुम्ही टॉवेलला हात पुसत आलात, स्वतःचं बोट घातलंत, तर ते वळणापर्यंत पोचेचना. तुमची बोटं जाड होती आणि वर्षानुवर्षांच्या कामाने टोकांना गोट्यांसारखी कडक झालेली. तुम्ही तारेला कापूस गुंडाळून आत फिरवलात, कापसाचे दोन तंतू आत अडकून राहिले.

"मिलमध्ये काय करायचीस?"

"वाइंडिंगला होते."

"धाग्याला गाठ आली तर बघून कळायची?"

"बघायला वेळ कुठे असतो? बोटाला कळायची."

तुम्ही हेड दिव्याखाली ओढलंत. मग म्हणालात, "उद्या सगळे डबे देऊन झाले की हितं ये. हे वळण तू घास. मी दाखवतो."

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं तेव्हा मला वाटलं नको म्हणतील. त्या बांगडे साफ करत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "जा गो. चेडवाक मी बघतंय."

आधी तुम्ही मला फक्त धुवायला दिलंत. रॉकेलच्या टबात हेड बुडवायचं, पितळी ब्रशने काजळी काढायची, लोखंडी पातं लावायचं नाही कारण ॲल्युमिनियमला ओरखडा पडतो. मग वॉल्व्ह त्याच्या बसायच्या जागेवर पेस्ट लावून घोळवायचा, दोन्ही तळव्यांमध्ये काठी धरून, ताक घुसळतात तसा. पेस्टचा आवाज आधी खरखरीत येतो आणि हळूहळू मऊ होतो. तुम्ही पाठ करून दुसरं काम करत असायचात आणि मध्येच म्हणायचात, "बस. झाला. आता जास्त नको." बघितलेलंही नसायचं. मला ते ऐकू यायला बरेच महिने लागले. सपाट पट्टी हेडवर आडवी ठेवून तिच्याखालून उजेड दिसतो का बघायचं, हे मला सगळ्यात आधी जमलं. गरम होऊन वाकलेल्या हेडखाली उजेडाची बारीक रेघ दिसायची, दाराच्या फटीतून दिसते तशी. ती रेघ बंद होईपर्यंत घासायचं. मला हे काम आवडत होतं, अंकल. गिरणीत माझ्या हातून रोज मैलोगणती धागा जायचा आणि त्यातला एक वारसुद्धा मी केला असं म्हणता यायचं नाही. इथे संध्याकाळी एक हेड पूर्ण व्हायचं आणि ते मी केलेलं असायचं.

आणि मग तो टॅक्सीचा दिवस. तुम्ही कुणाला तरी भेटायला दोन दिवस बाहेरगावी गेला होता आणि मला सांगून गेला होता की हेडमधल्या हवा-धुराच्या वाटा साफ कर. मी दोन दिवस दुसरं काही केलं नाही. जाड एमरी कागद, मग बारीक, मग त्याहून बारीक, मग तेल लावून कापडाने. सगळ्या वाटा अशा चकचकीत केल्या की दिव्याखाली धरल्यावर आत माझी बोटं दिसत होती. तुम्ही आलात तेव्हा मी हेड मुद्दाम टेबलाच्या मधोमध ठेवलं होतं. तुम्ही ते उचललंत, दिव्याकडे फिरवलंत आणि तुमचा चेहरा उतरला.

"ही वाट कसली? आत येणारी का बाहेर जाणारी?"

"आत येणारी."

"मग हा आरसा कुणी सांगितला? पेट्रोल आणि हवा हितून जाताना एकमेकांत मिसळायला पाहिजे. भिंत इतकी गुळगुळीत केलीस तर पेट्रोलचे थेंब भिंतीला धरून ओघळत जाणार. गाडी सकाळी स्टार्ट होणार नाय. बाहेर जायची वाट चकाचक कर, तिथं काजळीला धरायला जागा मिळता कामा नये. आतल्या वाटेला थोडी खरखर ठेवायची. सांगितलं होतं मी."

सांगितलं होतं खरं. मी ऐकलंही होतं. पण सुंदर करायच्या नादात राहून गेलं. तुम्ही जाड एमरी माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "तूच कर परत." दोन दिवसांचं पॉलिश मी माझ्या हाताने खरवडलं. तुम्ही समोर उभे. संध्याकाळी मी तुम्हाला येते न म्हणता निघाले. वाटेभर मनात म्हणत होते, उद्यापासून फक्त डबा ठेवायचा आणि निघायचं.

दुसऱ्या दिवशी डबा ठेवायला आले तर टेबल मला वेगळंच वाटलं. आधी कळेना काय झालंय. मग दिसलं, जमिनीवर लाकडाचे चार ठोकळे पडले होते आणि भुसा. तुम्ही टेबलाचे चारही पाय करवतीने कापून ते माझ्या उंचीला आणलं होतं. "काल बघितलं, खांदे वर करून घासत होतीस," तुम्ही म्हणालात. "असं काम केलंस तर मान जाईल." तुम्ही माझ्यापेक्षा फूटभर उंच. त्या दिवसापासून त्या टेबलावर काम करायला तुम्हाला स्टुलावर बसावं लागायचं. मी पदर खोचला आणि कामाला लागले.

भातं कापून झाल्यावर माझे मिस्टर गावाहून परत आले. संप मिटला नव्हता, पण गावातही भावांच्या घरात किती दिवस राहणार. आले त्या रात्री जेवताना त्यांनी माझे हात बघितले. नखांच्या कडांतून काळं निघायचं नाही, कितीही चिंच लावून घासलं तरी. "बाईलमाणसाचे हात असे असतत?" एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी ते गाळ्यात आले. मी रॉकेलमध्ये कोपरापर्यंत होते. मला वाटलं भांडतील. त्यांनी तुम्हाला नमस्कार केला आणि हळू आवाजात म्हणाले, "उद्यापासून तिला पाठवणार नाही."

तुम्ही स्टुलावरून उठून त्यांना बसायला दिलंत. म्हणालात, "मला काय सांगतोस? काम ती करते. तिला सांग."

ते माझ्याकडे वळले. मी त्यांना तोवर कशाला नाही म्हटलेलं नव्हतं. लग्नाआधी बापाला नाही, गिरणीत मुकादमाला नाही. माझ्या कोपरांवरून रॉकेल ठिबकत होतं. मी म्हटलं, "मी येणार." मग परत तेच म्हटलं, "मी उद्या येणार."

ते निघून गेले. घरात किती दिवस शांतता होती, ते तुम्हाला मी तेव्हा सांगितलं नाही. ते माझ्याशी बोलायचे नाहीत, मुलीमार्फत बोलायचे. शेवटी एका सकाळी सासूबाई भाकरी थापता थापता त्यांना म्हणाल्या, "तू गावाक होतंस. हंय आम्ही होतंव." आवाज चढवला नाही. त्या दिवशी मी निघताना डब्यांची पिशवी मिस्टर स्वतः उचलून जिन्याच्या खालपर्यंत घेऊन आले.

त्यानंतरची गोष्ट बोटीची. लालबागच्या बाजारात आम्ही जिच्याकडून बांगडे घ्यायचो ती कोळीण, तिच्या घरची बोट होती. मुलगा तांडेल, बोट तोच चालवायचा. आदल्या मोसमात त्यांनी इंजिन दुसरीकडून बांधून घेतलं होतं आणि दोनदा भर समुद्रात त्याचं हेडखालचं गॅस्केट, सांधा बंद ठेवणारी पातळ पट्टी, उडालं होतं. दुसऱ्या वेळी बोट रात्रभर वाहत गेली, सकाळी दुसऱ्यांच्या बोटीने ओढून आणली. ती तुमच्याकडे आली आणि पाटी उतरवून गाळ्याच्या पायरीवर बसली. "माझा पोर जातो त्या बोटीवर," ती म्हणाली, "मना इंजिन नको, मना पोर परत पायजे."

तुम्ही इंजिन पूर्ण उघडलंत. खालचं सगळं तुम्ही केलंत आणि हेड मला दिलंत. एकटीला. तुमच्या डोळ्यांना तोवर फारसं दिसत नव्हतं, मोतीबिंदू पिकला होता, आणि ऑपरेशनची तारीख पुढे ढकलत ढकलत तुम्ही ती नेमकी बोटी समुद्रात जायच्या दिवसांवर आणून ठेवली होती. इंजिन बोटीवर चढवून पहिल्यांदा चालू केलं तेव्हा तुम्ही धक्क्यावर होता. दुसऱ्या दिवशी तुम्ही डोळ्याला पट्टी बांधून घरी पडून. मी डबा घेऊन खोताच्या वाडीत आले तर तुम्ही खुर्चीत बसून म्हणालात, "बाय, इंजिन बांधलं म्हणजे अर्धं काम झालं. एकदा गरम होऊन थंड झालं की गॅस्केट दबतं आणि बोल्ट सैल होतात. ते परत आवळले नाय तर तेच होणार जे आधी झालं. उद्या बोट सुटायच्या आत तू जा."

"मी? बोटीवर?"

"मग कोण? माझा तर हा असा डोळा."

घरी मी भीत भीत सांगितलं. माझे मिस्टर म्हणाले, धक्क्यावर एकटी जायचं नाही. मला वाटलं संपलं. मग म्हणाले, "मी येतंय."

सकाळी भाऊच्या धक्क्यावर बर्फ चढत होता, डिझेलचे पिंप लोळवत आणत होते, नारळी पौर्णिमा होऊन गेल्यामुळे बोटींच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, फुलांच्या माळा वाळत होत्या. माझ्या मिस्टरांच्या खांद्यावर तुमचा टॉर्क पाना, बोल्ट मोजून आवळायचा. तांडेल फळीवर उभा होता. त्यांच्याकडे बघून म्हणाला, "या मिस्त्री, लवकर आटपा. भरती गेली तर थांबावं लागंल."

माझे मिस्टर म्हणाले, "मी नाही. मिस्त्री ती आहे. मी पाना धरतो."

अंकल, हे वाक्य मी तुम्हाला त्याच दिवशी येऊन सांगितलं होतं, आठवतं का? पण ते कसं म्हटलं ते सांगितलं नव्हतं. ते वाक्य त्यांनी घरून ठरवून आणलेलं नव्हतं. म्हणता म्हणता त्यांच्याच लक्षात आलं असावं. मी त्यांच्याकडे बघितलं तर ते समुद्राकडे बघत होते आणि त्यांचे कान लाल झाले होते.

तांडेलाने फळी अडवली. मोसमाच्या पहिल्या फेरीला बाई बोटीवर चढली तर खलाशी ऐकणार नाहीत, म्हणाला. तेवढ्यात मागून त्याची आई आली, डोक्यावर रिकामी पाटी. तिने पाटी खाली ठेवली. "ही बोट कशावर उभी हाय?" तिने विचारलं. मग तीच म्हणाली, "माझ्या पाटीवर. बाईच्या पाटीवर उभी हाय ती चालते, आन बाईचा हात नाय चालत? सर बाजूला." तो बाजूला झाला. मागून एक म्हातारा खलाशी हसला आणि त्याने मला हात दिला.

मी इंजिनाच्या खणात उतरले. पायाखाली बोट हलत होती. तुम्ही शिकवल्याप्रमाणे मधल्या बोल्टपासून सुरुवात, मग तिरकं, मग बाहेर बाहेर. वरून माझे मिस्टर एकेक बोल्ट पुरा झाला की खडूने त्यावर खूण करायला सांगत होते, म्हणजे चुकायला नको. बरेचसे बोल्ट जरासेच फिरले. एक मात्र पाव फेरी फिरला. पाव फेरी. मी त्यावर हात ठेवला. हाच तो, मनात म्हटलं, जो समुद्रात परत दगा देणार होता. मग वॉल्व्हवरचे टॅपेट तपासले, इंजिन चालू करायला सांगितलं, गरम होईपर्यंत हेडच्या कडेने बोट फिरवत राहिले. कुठे ओल नव्हती. वर आले आणि तांडेलाला म्हटलं, "पहिल्या दोन-तीन फेऱ्या पूर्ण जोरात पळवायचं नाही. नुसतं उभं ठेवून तासन्‌तास चालवायचंही नाही. परत आलात की ऑइल बदलायचं, ते नवीन दिसत असलं तरी. आणि धक्क्याला लागल्यावर गोडं पाणी सोडून इंजिन आतून धुवायचं." तो म्हणाला, "मासळी लागली आन दुसरे पळाले, तर मी हळू जाऊ?" त्याची आई म्हणाली, "हळू ये. मी थांबंन बाजारात."

बोट गेली. पुढचे दिवस मी डबा घेऊन आले की तुमचा पहिला प्रश्न, "कोळीण दिसली?" मी म्हणायचे नाही. तुम्ही जेवायला लागायचात आणि मध्येच थांबून विचारायचात, "मधल्या बोल्टपासूनच सुरुवात केलीस ना?" मी हो म्हणायचे. मला स्वतःलाच खात्री वाटेनाशी झाली होती. बाजारात तिची जागा रिकामी होती. मग एका सकाळी मी तुमच्याकडेच बसले असताना ती वाडीत विचारत विचारत आली, लाकडी जिन्याखाली उभी राहिली आणि वर हाक मारून म्हणाली, "चालली."

बस, एवढंच. बोट धक्क्याला परत लागली होती. तुम्ही छातीवर क्रूस केलात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते तुम्हाला पट्टीमुळे दिसलं नाही. आणि तुम्ही काय म्हणालात? "दुसऱ्या फेरीनंतर परत एकदा पाना लावून ये."

तिथून पुढे आमचं घर या कामावर उभं राहिलं. माझ्या मिस्टरांना गिरणीने परत घेतलं नाही. त्यांनी वाट बघितली, गेटवर जाऊन उभे राहिले, आणि मग हळूहळू जाणं बंद केलं. पण धक्क्यावर जाणं सुरू ठेवलं. आम्ही बांधलेल्या प्रत्येक इंजिनाचे पहिले दिवस ते सांभाळायचे. ऑइल बदलायचं, बोल्ट आवळायचे, पाण्याचे पाइप बघायचे, तांडेलांशी गप्पा मारत त्यांना जरा हळू चालवायला लावायचं. साच्यावर काम केलेला माणूस, शंभर साच्यांच्या आवाजात आपला साचा बिघडला ते ओळखणारा. धक्क्यावर उभं राहून, बोट अजून लांब असतानाच सांगायचे, हिचा एक वॉल्व्ह नीट बसत नाही. तुम्ही त्यांना डोकं हलवून म्हणायचात, "तू माझ्याकडे दहा वर्षं आधी यायला पाहिजे होतंस." त्यांना ते फार आवडायचं. घरी येऊन सांगायचे.

तुम्ही गेलात तेव्हा आमची मुलगी दहावीला होती. वाडीतल्या तुमच्या घरी आम्ही सगळी आलो होतो, सासूबाईसुद्धा, काठी टेकत. तुमच्या पुतण्याने गाळा मलाच चालवायला दिला. काका तसं सांगून गेलेत, म्हणाला.

गाळा अजून आहे. टॅक्सी बदलल्या, त्यांची हेडं आता आमच्याकडे येत नाहीत. बॅटरीवरच्या गाड्यांना तर हेडच नाही, मुलगी हसते त्यावरून. ती बदलापूरला असते, औषधांच्या दुकानात काम करते, स्वतःची दोन मुलं आहेत तिला. पण बोटी आहेत आणि जनरेटर आहेत. मागच्या वर्षी एका टॉवरच्या तळघरातल्या जनरेटरचं हेड आम्ही केलं. बसवून, चालवून, थंड झाल्यावर परत बोल्ट आवळायला मी आणि मिस्टर गेलो. गेटवर नाव लिहिलं, लिफ्टने खाली गेलो. मिस्टर म्हणाले, "कळलां काय, आपण खंय असंव?" मला नव्हतं कळलं. आमच्याच गिरणीची जागा. ते म्हणाले, वर जिथे बाग केली आहे तिथे त्यांचं साच्यांचं खातं होतं. आम्ही दोघं तळघरात उभे होतो. मला वाटलं त्यांना वाईट वाटेल. ते म्हणाले, "मधल्या बोल्टापासून धर," आणि पाना माझ्या हातात दिला. काम झाल्यावर जनरेटर चालू केला तेव्हा ते बराच वेळ डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, चांगला आहे.

सोमवारी मुलींना हे सगळं सांगता येईल असं नाही. त्यांना मी हेड दाखवीन, हात आत घालायला लावीन, आतली वाट कुठली आणि बाहेरची कुठली ते विचारीन. त्यातल्या एकीने तरी ते आरशासारखं करून ठेवावं असं मला मनापासून वाटतं. मला तिच्यावर रागवायचं नाही, फक्त शेजारी उभं राहायचं आहे.

एक गोष्ट राहिली, आणि ती फक्त तुम्हाला सांगता येईल. चाळीत अजून कुणी संपाबद्दल बोललं की सगळे गप्प होतात. कुणाचा नवरा गेला त्या काळात, कुणाची मुलं शाळेतून उठली, कुणी खोली विकून कायमचं गावी गेलं आणि परत आलं नाही. मीही त्यांच्यात बसून मान हलवते, वाईट दिवस होते म्हणते. ते खोटं नाही. पण अंकल, मी त्या दिवसांत सुखी होते. सकाळी डब्यांची पिशवी घेऊन जिना उतरताना मला कामावर पोचायची घाई असायची, आणि तशी घाई मला त्याआधी कधी झाली नव्हती. एवढ्या लोकांच्या रडण्यात हे मोठ्याने बोलायचा मला कधी धीर झाला नाही, मिस्टरांपाशीसुद्धा नाही. म्हणून हे पत्र मी घरी नेणार नाही, इथेच गाळ्यात ठेवीन, आणि मुलींनाही यातलं एवढं सोडून बाकीचं जमेल तेवढं सांगीन.